हिवराखालची बाई

३ जानेवारी २००१, बुधवार

कलर लॅबवाल्यांनी नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी देतात आणि दरवर्षी लता ती धोब्याचे कपडे टिपायला पळवते. यंदा मी आधीच पहिल्या पानावर नाव घालून टाकलं. मला या वर्षी टिपणं ठेवायची आहेत. कुठला रोल, किती वाजता, आभाळ कसं होतं, वगैरे.

आमच्या नाशिकच्या फोटोग्राफर मंडळींचं प्रदर्शन पाडव्याला आहे. विषय 'पहाट'. फोटो द्यायची शेवटची तारीख वीस मार्च. बावीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. माणसांच्या तोंडावर उजेड टाकण्यात जन्म गेला. आता एकदा उलटं करायचं आहे. उजेड मागे ठेवायचा आणि पुढचं सगळं काळंभोर येऊ द्यायचं. आमच्या धंद्यात त्याला सिलुएट म्हणतात. त्याला उघडा माळ लागतो आणि झाड असं लागतं की आभाळावर त्याची फांदी न् फांदी मोजता यावी. ते नाशकात कुठलं? इकडे कालव्याच्या पाण्यानं सगळं हिरवंगार. माझ्या भावाच्या मळ्यात उभं राहिलं तर शेवंती आणि कोथिंबिरीच्या पलीकडे नजर जात नाही. नांदगावच्या पुढे मात्र कोरडा माळ आहे, जवळजवळ वाळवंटच म्हणायचं, आणि त्यावर हिवराची झाडं. बाभळीच्याच जातीचं, काटेरी, वरून कापल्यासारखं सपाट. एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही.

लताला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"नांदगावच्या पुढे म्हणजे हिवरमाळ," ती म्हणाली.

"त्या बाजूला."

"पूजाचं सासर."

"सासर नाही. माळ. झाडांचे फोटो काढायला जातोय मी."

"नाशकात पहाट होत नाही का?"

"होते. झाडं नाहीत."

"बरं," म्हणाली, आणि जुडी संपली तरी तशीच ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली.

पूजा आमची एकुलती एक. गेल्या फेब्रुवारीत लग्न झालं. दिवाळसणाला आली, जावईबापूंबरोबर दोन दिवस राहिली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढलं, पण आईला विचारून, "त्यांना भात हवा का?" असं. पत्र येतं ते आईच्या नावानं. एवढं काय बिघडलं ते मला कळलेलं नाही. असो. ही डायरी झाडांसाठी आहे.

८ जानेवारी, सोमवार

सोमवारी स्टुडिओ बंद असतो. म्हणून रविवारी संध्याकाळच्या गाडीने नांदगाव गाठायचं, मुक्काम सावळीरामकडे आणि सोमवारी दुपारी परत, असं ठरवलं आहे. सावळीराम पूर्वी माझ्याकडे लग्नांत लाइट धरायचा. आता नांदगावच्या स्टेशनबाहेर त्याचं चहाचं दुकान आहे. अजून मला मालकच म्हणतो.

पहाटे पाचला त्याच्या एम-एटी दुचाकीवरून निघालो. थंडीनं कान गळून पडायची वेळ.

"मालक, झाडं तर ठेसनामागंबी लय हायती. इतक्या लांब कशापायी?"

"तिथे तारा मधे येतात."

"तारा व्हय," म्हणाला. पाठमोरा असला तरी तो हसत होता हे मला समजलं.

हिवरमाळ वस्तीच्या अलीकडे एक टेकाड आहे. तिथे स्टँड लावला, लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स चढवली. समोर पूर्वेला माळ थोडा चढतो आणि त्या चढावर सात हिवर एका ओळीत. मोठा आहे तो डावीकडून तिसरा. आधी आभाळ नुसतं पाटीच्या रंगाचं. मग खालून जांभळं व्हायला लागलं, मग डाळिंबी, मग झेंडूचा रंग. झाडं अशी काळी उठली की मी क्षणभर बटण दाबायचं विसरलो. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ऐन वेळेला एक बाई डोक्यावर हंडा घेऊन मोठ्या हिवराखालून गेली. विहीर पलीकडे आहे, तिथून वस्तीकडे पायवाट येते. चार फ्रेम वाया. पुढच्या वेळी आधी येऊन बसायला हवं.

वस्तीतली घरं टेकाडावरून दिसतात. पत्र्याचं, दाराशी तुळस असलेलं ते कुणाचं, हे सावळीरामने न विचारताच सांगितलं. मी म्हणालो, मला आभाळाकडे बघू दे.

११ जानेवारी, गुरुवार

रोल धुऊन आला आणि डोकं फिरलं. लॅबमधल्या भारतने सगळे फोटो उजळ करून ठेवलेत. झाडं राखाडी, आभाळ पांढरं, जणू दुपारी बारा वाजता काढलेत.

"काका, सगळे अंडर होते," तो म्हणाला. "मी किती मेहनतीनं वर आणले. गिऱ्हाईक ओरडतं ना काळा फोटो आला की."

"मी गिऱ्हाईक आहे आणि मी ओरडतोय. मला काळाच पाहिजे."

"काळाच?"

"काळं काळंच राहू दे. तू हात लावू नकोस."

त्याने पुन्हा छापून दिले. देताना चेहरा असा, की एखाद्याला मुद्दाम जळकी पोळी वाढतोय. पण काय फोटो आले! लताला दाखवले. तिने झाडं बाजूला ठेवली आणि हंडेवाल्या बाईचे तेवढे चार घेऊन खिडकीपाशी गेली.

"ते वाया गेलेत," मी सांगितलं.

"मग मला द्या," म्हणाली.

१४ जानेवारी, रविवार, संक्रांत

लग्नानंतरची पूजाची पहिली संक्रांत. लताने काळी चंद्रकळा घेतली, हलव्याचे दागिने घरी केले, आठ दिवस बोटं भाजून घेतली. म्हणाली, तुम्ही जाताच आहात तर सावळीरामकडे द्या, तो पोचवेल. शिवाय माझ्यासाठी डबा. त्यात गुळाच्या पोळ्या एकवीस. एका माणसाला एकवीस पोळ्या! मी तसं म्हणालो तर म्हणते, थंडीत भूक लागते.

मी काही पोस्टमन नाही. पण पिशवी घेतली. आत्ता गाडीत लिहितोय. साडीच्या घडीत तिने चिठ्ठीबिठ्ठी घातली आहे का ते बघितलं. नाही घातलेली.

१५ जानेवारी, सोमवार

काल रात्री जेवणाआधीच सावळीराम पिशवी पोचवून आला. पोळ्यांतल्या एकोणीस तिकडे गेल्या. मी विचारलं, "घरात कोण होतं?"

"समदी होती."

"काही म्हणाले?"

"पूजाताईनं इचारलं, कुणासंगं धाडलं. मी म्हनलं, मालक आल्यात."

"हे कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगू? साडी चालत आली?"

आज उजाडताना ती बाई पुन्हा आली. आज मात्र मोठ्या हिवराखाली थांबली. हंडा डोक्यावर, एक हात वर धरलेला, दुसरा कमरेवर. नेमकी आभाळ डाळिंबी व्हायच्या वेळेला. लेन्समधून बघताना मला घाम आला, त्या थंडीत.

लिहून टाकतो. ती पूजा आहे. गेल्या सोमवारीच चालीवरून कळलं होतं. डावा पाय किंचित आत टाकते, लहानपणापासून. चेहरा दिसत नाही, दिसायची गरज नाही. आमच्या घरी नळ उघडला की पाणी, अंगणातून कालव्याचा पाट जायचा, आणि ही पोर इथे अर्धा कोस हंडा वाहते. स्थळ मी शोधलं होतं. मुलगा बाजार समितीत कारकून, घर चांगलं, माणसं साधी, असं सगळं बघितलं होतं. विहीर किती लांब ते विचारलं नव्हतं.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण आधी तिनं बोलायला हवं. बाप मी आहे.

घरी आल्या आल्या लताचा पहिला प्रश्न, "काळी साडी नेसली होती का?"

"कोण?" मी म्हणालो. तिने नुसतं बघितलं.

"सिलुएटमध्ये सगळ्याच साड्या काळ्या दिसतात," मी म्हणालो. "कसं सांगणार?"

२२ जानेवारी, सोमवार

ढग. आभाळ राखेसारखं. मी सव्वासहापासून आठपर्यंत बसलो. बाया आल्या, गेल्या. ती आली नाही. एकही फोटो काढला नाही.

सावळीराम म्हणाला, "ढगात फोटू येत नाय हे काय तिला ठावं नसंल व्हय?" तिचा काय संबंध ते मला समजलं नाही. ढग आले तर पाणी भरायचं थांबतं का?

बरी असेल ना?

५ फेब्रुवारी, सोमवार

मधला सोमवार लग्नाच्या ऑर्डरीत गेला. पाठवणीच्या वेळी मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडली, मी फोटो काढले, आणि आज टेकाडावर बसल्या बसल्या तेच डोळ्यांपुढे येत होतं.

पूजाच्या लग्नाचे फोटो मीच काढले. दुसऱ्या कुणावर सोपवायचं मला पटेना. पाठवणीला ती सगळ्यांना भेटत भेटत माझ्यापाशी आली. दोन्ही हात पुढे केले. आणि नेमका रोल संपला. मी म्हणालो, "थांब जरा, रोल बदलतो." रोल चढवून मान वर केली तर ती गाडीत जाऊन बसली होती आणि काच वर होती. आता यात माझी काय चूक? रोल कधी संपावा हे काय माझ्या हातात असतं? तेव्हापासून ती बोलत नाही, हे मात्र खरं.

आधीचंही असेल थोडं. तिला स्टुडिओत यायचं होतं. हात चांगला होता तिचा. अंधाऱ्या खोलीत रीळ चढवायला माझ्यापेक्षा चटपटीत, आणि उजेड बघायची नजर अशी की मी मीटर बघेपर्यंत ती आकडा सांगायची. बारावीनंतर म्हणाली, आप्पा, मी लग्नाच्या ऑर्डरी घेते. परक्या मांडवांत मुलीनं कॅमेरा घेऊन हिंडायचं? मी नाही म्हणालो. कुठला बाप हो म्हणाला असता?

आज थंडीनं बोटं वळत नव्हती. ती हिवराखाली उभी आणि छत्तिसावी फ्रेम संपली. म्हटलं, गेलं. रोल बदलायला दीड मिनिट लागलं असेल. मान वर केली तर ती तिथेच! तशीच, हलली नव्हती. बहुतेक डोक्यावरची चुंबळ सरकली असावी आणि ती नीट करत असेल. मी आणखी सहा फोटो काढले, मग ती गेली. नशीब म्हणायचं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आता हंडा नाही, लहान कळशी. आकार काही जमत नाही, हंड्याची रेषा जास्त चांगली होती. त्यात तिच्या मागून एक सायकलवाला, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे कॅन लटकवलेले, तो थेट फ्रेममध्ये येऊन थांबला. तिने हातानं काहीतरी खूण केली तसा बिचारा सायकल घेऊन दहा पावलं मागे गेला. लेन्समधून ओळखला. आमचे जावई, सोमनाथराव.

हे कॅन ते वाहतात म्हणजे बरंच आहे. लताला सांगितलं तर तिला त्यात फार आनंद झाला. "आणि कळशी किती लहान?" म्हणे. मी हातानं दाखवली. मग ती म्हणाली, "फोटो लवकर धुवा."

पूजा जाडही झाल्यासारखी वाटते. किंवा पदर कमरेला ढिला खोचते. त्यामुळे रेषा भोंगळ येते.

५ मार्च, सोमवार

आज आभाळ झालं तसं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. खाली शेंदरी, मधे गुलाबी, वर हिरव्यात मोडणारं निळं. सात झाडं आणि ती. प्रदर्शनासाठी फोटो मिळाला, पहिला नंबर कुठे जात नाही.

आणि तरी परतताना गाडीत मन लागेना. सावळीरामने भेळ बांधून दिली होती, तीही खाल्ली नाही. तीनशे पावलांवर पोर उभी असते. मी जातो, बघतो, येतो. आठवडाभर स्टुडिओत लोकांना 'हसा' म्हणतो आणि सोमवारची वाट बघतो. या वयात. वीस मार्चला फोटो दिल्यावर मी कुठल्या कारणानं जाणार आहे?

१२ मार्च, सोमवार

आज विचित्र केलं तिनं. हिवराखाली आली, कळशी डोक्यावरून उतरवली, खाली ठेवली. पदर घट्ट ओढून घेतला आणि आडवी वळून उभी राहिली, खांदा माझ्याकडे करून. एक हात पाठीवर. अशी किती वेळ, की मला वाटलं पाठीत उसण भरली. मग मान तेवढी वळवली. मग कळशी उचलून गेली.

रचनेच्या दृष्टीनं काही खास नाही. पण सगळा रोल संपवला.

१५ मार्च, गुरुवार

संध्याकाळी फोटो घेऊन घरी आलो. लताने आधीचे सगळे काढले. हिच्याकडे एकूण एक 'वाया गेलेला' फोटो होता, पिठाच्या डब्याच्या फडताळात, कागदात गुंडाळून. जमिनीवर तारखेनं मांडले, जानेवारी डावीकडे, आजचे उजवीकडे. मग पदर तोंडाला लावला.

"काय झालं?" मी घाबरलो.

"अहो, तुम्ही फोटोग्राफर ना?"

"हो."

"दोन महिने बघताय ना?"

"अगं, झालं काय?"

तिने शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं, काळ्या आकृतीच्या बरोबर मध्यावर. "पोटुशी आहे आपली पूजा. पाच महिने तरी झालेत."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डावीकडून उजवीकडे बघत गेलो. सरळ रेषा, सरळ रेषा, थोडी बाहेर, आणखी बाहेर. मी ज्याला भोंगळ रेषा म्हणत होतो ती. चेहरा असता तर मी चेहराच बघत बसलो असतो. इथे नुसता आकार होता आणि मला तोही वाचता आला नाही.

"मला दाखवायला उभी राहिली हो ती," लता म्हणाली. "पत्रात लिहिलं नाही. तुमच्या हातून कळवलं मला."

"पण मी तिथे असतो हे तिला काय माहीत?"

यावर लता रडता रडता हसायला लागली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१६ मार्च, शुक्रवार

लॅब उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. निगेटिव्ह भारतच्या हातात दिली.

"सव्वीस नंबरची फ्रेम. उजळ कर."

"काका, तुम्हीच म्हणालात..."

"आता सांगतोय ना. आभाळ गेलं तरी चालेल. जेवढं वर येईल तेवढं आण."

मशीनमधून फोटो सरकत बाहेर आला. झाड राखाडी, माळ राखाडी, आभाळ धुऊन गेलेलं. दाणेदार, घाणेरडा प्रिंट. साडी मात्र काळीच राहिली, कारण ती खरोखरच काळी होती. पाणी भरायला कोणी चंद्रकळा नेसतं का? आणि तिच्या वर पूजाचा चेहरा. गाल थोडे भरलेत. डोळे सरळ लेन्समध्ये.

मग मी भारतला म्हणालो, सगळे कर. आधीचे रोलही. त्याने विचारलं नाही का म्हणून. तासाभरात गठ्ठा झाला. पंधरा जानेवारीपासून प्रत्येक फोटोत ती माझ्याकडे बघते आहे. प्रत्येक. पाच फेब्रुवारीला, मी रोल बदलला तेव्हाच्या आधीच्या फोटोत आणि नंतरच्या फोटोतही. चुंबळीला हातसुद्धा लावलेला नाही तिनं. ती थांबली होती. माझा रोल बदलून होईपर्यंत ती थांबली होती.

मी समजत होतो की मी तिला चोरून बघतोय.

लॅबमध्ये गिऱ्हाइकं होती, म्हणून बाहेर आलो आणि सायकल स्टँडमागे जाऊन रडलो. पाठवणीला रोल बदलायला नको होता. कॅमेरा खाली ठेवायला किती वेळ लागतो?

२० मार्च, मंगळवार

फोटो द्यायचा शेवटचा दिवस. पाकीट करून ठेवलं होतं, पाच मार्चचा फोटो. दिवसभर लताबरोबर बाजार केला. ओटीचं खण-नारळ, साखरेच्या गाठी, पूजाला आवडते तशी कैरीची चटणी. संध्याकाळी सातला आठवलं. राहिलं.

२६ मार्च, सोमवार, पाडवा

घरची गुढी भावाला उभारायला सांगून आम्ही कालच नांदगावला आलो. आज सकाळी सावळीरामनं जीप केली. मोठ्या हिवराजवळून गेलो तेव्हा लताने खाली उतरून बघायचा हट्ट धरला. उतरली, खोडाला हात लावला, परत बसली.

घरापाशी पोचलो तर विहीणबाई, बयाबाई, गुढीला हळदकुंकू लावत होत्या.

"या या! आता यायला झालं व्हय?" त्या म्हणाल्या. "पूजा तवाच म्हनली, माहेरी कळवलंय. आमी रोज वाट बघतो. पैलटकरीन पोर, आन माहेरचं मानूस फिरकंना. मला लय राग आला व्हता, खोटं कशाला बोलू."

पूजा दारात उभी होती. "कळवलं होतं, आत्या," ती म्हणाली. "दर सोमवारी कळवत होते."

"पत्रं लय उशिरा पोचत्यात आमच्याकडची," बयाबाई लताला म्हणाल्या. "पोस्टाचं काय खरं नाय."

"उशिरा पोचली," लता म्हणाली, "पण पोचली." आणि पूजाला जवळ घेऊन दोघी अशा रडल्या की सोमनाथराव पाणी आणायच्या निमित्तानं परसात निघून गेले.

सातव्या महिन्यात, अक्षय तृतीयेनंतर, आम्ही न्यायला यायचं असं ठरलं. बाळंतपण माहेरी. बयाबाईंनी पुरणपोळीचा आग्रह केला. मग त्या आणि लता ओटी भरायच्या तयारीला आत गेल्या. ओसरीवर मी आणि पूजा, दोघंच राहिलो. ती खांबाला टेकून बसली. मी बाजेवर. येताना गाडीत मी सगळं पाठ करून आलो होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"फोटो आणलेत?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी पाकीट पुढे केलं. तिने हात पदराला पुसले, फोटो कडांना धरून एक एक बघायला लागली. पाच मार्चच्या फोटोवर थांबली. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"लेन्स आठला ठेवली होती?"

"हो, आठला."

"अकरा ठेवायचं ना, आप्पा. आभाळ फिकं झालंय."

मी पुन्हा बघितलं. लेन्सचा आकडा मोठा ठेवला की उजेड कमी आत येतो आणि रंग भरून येतात. बरोबर होतं पोरीचं. मी ज्याला पहिला नंबर देत होतो त्याचं आभाळ फिकं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

हे मी तिला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. मी नुसतं आकड्याबद्दल म्हणत नव्हतो. तिला समजलं असावं. तिने पुढचा फोटो उचलला. तो शेवटचा होता. भारतने उजळ केलेला, राखाडी, दाणेदार, आणि मधे ती.

"हा कसा आला?" ती म्हणाली. "सिलुएटमध्ये चेहरा कसा येईल?"

"अकरा ठेवलं असतं तर आला नसता," मी म्हणालो. "इथेही आठच होतं म्हणून निगेटिव्हवर राहिला."

तिने तो फोटो खाली ठेवला नाही. नाक पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मग आठच बरोबर होतं," म्हणाली.